चाळीस मिनिटांचा आवाज

माझ्या हातून आजवर दुरुस्त झालेल्या मॉनिटरांमधला सगळ्यात झकास मॉनिटर पंचवटीतल्या एका बाईंच्या घरी होता, आणि त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

झालं असं, की दुकानाचा फोन घरी वळवलेला असे आणि तो आमची मंगल घेई. गिऱ्हाइकाचं म्हणणं ती एका चिठ्ठीवर लिही आणि ती चिठ्ठी सकाळी डब्याबरोबर माझ्या हातात ठेवी. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर होतं: 'शैलाताई, पंचवटी, भाजीबाजाराच्या मागची गल्ली, हारवाल्यांचं घर. कॉम्प्युटरला एक्सपी टाकणे.' मी वाचलं, खिशात घातलं आणि निघालो. सिंहस्थ तोंडावर आला होता, त्यामुळे पंचवटीतली प्रत्येक गल्ली कुठे ना कुठे उकरलेली. स्कूटर बाजारापाशी लावली आणि खड्डे ओलांडत पोचलो.

बाहेरच्या खोलीत एक म्हातारी बाई झेंडूच्या ढिगात बसून हार ओवत होती. आतून पस्तिशीच्या एक बाई आल्या, "या भाऊ," म्हणाल्या आणि पुढे होऊन सरळ आतल्या खोलीत घेऊन गेल्या. उंबरा ओलांडला, वाटेतली फुलांची टोपली चुकवली, सगळं सहज. खोलीत अंधार. मी दारात चाचपडायला लागलो, तर म्हणाल्या, "बटण उजव्या हाताला, वरून दुसरं." मला वाटलं, काटकसरी दिसतात.

कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर काहीच नाही. मी खूश. आजार समोरून चालत आला होता. मागचं झाकण काढलं, एक पिन वाकडी, एक टाका सुटलेला, तो डाग देऊन जोडला, रंग नीट केले, काच पुसली. पाऊण तास गेला. मग मी शोरूमवाल्यासारखा हात पसरून म्हणालो, "हं ताई, आता बघा!"

"छान," त्या म्हणाल्या. "पण तो मी मागच्या दिवाळीपासून बंदच ठेवलाय. मला दिसत नाही ना भाऊ. जन्मापासून."

बाहेरून म्हातारी हसली. माझ्या हातातला फडका मी उगाच परत एकदा काचेवरून फिरवला.

या धंद्यात मी नव्वदीच्या सुरुवातीला आलो. गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हांची पाहिली. त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी कॉम्प्युटरवर पत्रिका करत. ते दर दसऱ्याला कीबोर्डवर इतकं हळदकुंकू वाहायचे, की एंटरचं बटण दिवाळीपर्यंत खाली बसलेलंच राही. दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्यांचं मशीन उघडलं तेव्हा आत गंधकाची पिवळी पूड निघाली. बागेवर धुरळणी करून आलेले हात न धुता ते हिशेबाला बसत. "लय शिंकतो हो हा," अशी त्यांची तक्रार होती. अशा गिऱ्हाइकांमुळे माझा एक समज होऊन बसला, की कॉम्प्युटर मला कळतो आणि त्यांना कळत नाही. धंद्याला तो बरा पडतो. माणसाला किती बरा पडतो ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

आधी काम काय होतं ते सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली कर्ती बाई. छापायचं कुणी, साठवायचं कुठे, आवाज कुणी करायचा, हे ती ठरवते. ती नसेल तर बाकीची मंडळी नुसती बसून राहतात. शैलाताईंच्या मशीनवर विंडोज अठ्ठ्याण्णव होतं, त्या जागी एक्सपी आणायचं होतं. माझी पद्धत सोपी. डिस्क पूर्ण पुसायची, नवी सिस्टीम कोरी घालायची. जुन्या घरावर मजला चढवण्यापेक्षा पाडून बांधलेलं बरं, असं मी गिऱ्हाइकाला समजावत असे.

शैलाताई डॉक्टरांची टिपणं टाइप करायच्या. परदेशातले डॉक्टर रोग्याला तपासून झाल्यावर टेपवर बोलून ठेवतात, ते ऐकून कुणीतरी लिहून काढायचं असतं. कॉलेज रोडवरची एक कचेरी हे काम घरी देई. कॅसेट घरी येत, टाइप केलेलं फोनच्या तारेवरून परत जाई. ऐकायला कान आणि टाइप करायला बोटं. आणि लिहिलेलं तपासायला त्यांच्या मशीनवर एक बोलणारा प्रोग्रॅम होता. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. पडद्यावर जे जे असेल ते तो इंग्रजीत वाचून दाखवतो. माऊसला त्यांनी कधी हात लावला नव्हता. सगळा कारभार कीबोर्डवरून.

"कचेरीनं नवीन प्रोग्रॅम घेतलाय," त्या म्हणाल्या. "तो एक्सपीवरच चालतो. सोमवारी सकाळी सगळ्यांची त्याच्यावर चाचणी आहे, घरूनच. तीन तास. जमलं त्याचं काम राहील. बाकीच्यांचं बंद."

"अहो, आज बुधवार. उद्या संध्याकाळी मशीन तुमच्या टेबलावर."

"इथेच बसून नाही का करता येणार? माझ्यासमोर?"

"दुकानात हत्यारं असतात ताई," मी म्हणालो. खरं म्हणजे दुकानात पंखा होता आणि शेजारी चहावाला होता.

त्यांनी ड्रॉवर उघडून एक फ्लॉपी काढली. वर ठिपक्याठिपक्यांची ब्रेलची पट्टी. "ही राहू द्या बरोबर. फोनवर सांगितलं ते सगळं लक्षात आहे ना?"

"हो हो. सगळं लक्षात आहे."

हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. फोनवर काय सांगितलं होतं याची मला गंधवार्ता नव्हती. त्यांचं सगळं काम दुसऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलेलं आहे, एवढं विचारून घेतलं आणि माझ्या मते माझी जबाबदारी संपली.

दुकानात येऊन कॉम्प्युटरचा डबा उघडला. स्क्रू हरवू नयेत म्हणून मी नेहमी हाताला येईल त्या कागदाची पुडी करतो. त्या दिवशी खिशात मंगलची चिठ्ठी होती. तिच्यात स्क्रू बांधले, पुडी बॅगेत टाकली, डिस्क पुसली आणि माझी नेहमीची सीडी घातली. ही सीडी म्हणजे त्या काळी माझा उजवा हात. अर्ध्या नाशिकच्या मशीनवर तीच फिरलेली. तिचा पंचवीस अक्षरांचा नंबर मला इतका पाठ होता, की मंगल म्हणायची, लग्नाची तारीख विचारली तर तोच सांगतील. ती सीडी कायद्याला धरून नव्हती, हे मला माहीत होतं. सगळेच करतात, हेही माहीत होतं. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी मशीन टेबलावर. पडद्यावर हिरवी टेकडी, निळं आभाळ. मी पाहतच राहिलो.

शैलाताईंनी बटणं दाबली. थांबल्या. पुन्हा दाबली.

"चालू आहे?"

"मस्त चालू आहे ताई."

"मग बोलत का नाही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. स्पीकर मी इथेच सोडून गेलो होतो. दुकानात आवाज तपासलाच नव्हता. त्यांचं साउंड कार्ड जुनं, नव्या सिस्टीमनं ते ओळखलंच नव्हतं. मला टेकडी दिसत होती, आभाळ दिसत होतं. त्यांच्यापुढे पत्र्याचं एक मुकं खोकं होतं.

"कार्ड बदलून देतो, त्यात काय," मी म्हणालो.

"ते होईल हो. पुसायच्या आधी किल्ली फ्लॉपीवर परत घेतलीत ना?"

मी खिशातली फ्लॉपी काढून त्यांच्या हातात दिली. "ही घ्या. जशीच्या तशी आणलीय. तिला हातसुद्धा लावला नाही." हे मी अभिमानानं सांगितलं, हे इथे नमूद करतो.

त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या. मग शांतपणे त्यांनी मला समजावलं. बोलणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर एक फ्लॉपी येते, तिच्यात तीन किल्ल्या असतात. प्रोग्रॅम मशीनवर घातला, की एक किल्ली फ्लॉपीवरून उठून मशीनच्या डिस्कवर जाते. डिस्क पुसायची असेल तर आधी ती किल्ली फ्लॉपीवर परत न्यायची, नाहीतर डिस्कबरोबर तीही पुसली जाते. त्यांची पहिली किल्ली डिस्क जळाली तेव्हा गेली. दुसरी माझ्या आधीच्या मेकॅनिकनं घालवली.

"म्हणून तर या वेळी फोनवर बजावून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "आणि सीडी तरी माझीच घातलीत ना? ड्रॉवरमधली? कचेरीनं दिलेली. त्यांचा प्रोग्रॅम अस्सल सीडी नसेल तर उघडत नाही."

मी ड्रॉवर उघडून पाहिला. सीडी होती. वरचा कागदही फोडलेला नव्हता.

बाहेर म्हातारीचा हात थांबला होता. "काय झालं गं?" तिनं विचारलं.

"काही नाही आई. भाऊंना चहा दे."

तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

त्यांनी तिथूनच मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावला. नवी किल्ली परदेशातून येते, तीन आठवडे लागतील, असं उत्तर आलं. आणि सोमवार चार दिवसांवर. किल्लीशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही का, मी विचारलं.

"चालतो. चाळीस मिनिटं. मग गप्प होतो. मशीन बंद करून परत चालू केलं की पुन्हा चाळीस मिनिटं. नमुना म्हणून ठेवलीय ती सोय." त्यांनी फ्लॉपी परत ड्रॉवरमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "तुमची सिस्टीम पुसावी तर लागणारच. उद्या सकाळी या. कार्ड आणा. आणि या वेळी मी घालणार एक्सपी."

"तुम्ही? कसं? घालताना तर तो बोलणारा नसतोच. पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत सगळं मुकं..."

"तुम्ही घातलीत तेव्हा तो बोलत होता? तरी काय झालं ते बघितलं ना!"

शुक्रवारी सकाळी मी गेलो. एक काम मात्र नीट केलं होतं. दुकानातल्या जुन्या कार्डांच्या खोक्यातून, एक्सपी आपणहून ओळखतं असं कार्ड शोधून, दुसऱ्या मशीनमध्ये आवाज ऐकून, खात्री करूनच नेलं होतं. ते बसवलं. शैलाताई ब्रेल लिहायची लोखंडी पाटी आणि टोचणी घेऊन बसल्या. "सांगा. पहिल्यापासून. कुठल्या पडद्यावर काय विचारतात आणि काय दाबायचं."

शेकडो वेळा केलेलं काम. मी डौलात सुरुवात केली आणि तिसऱ्याच पायरीला अडकलो. एंटरनंतर एफ आठ, की एफ आठनंतर एंटर? डिस्कचा भाग निवडायचा तो आधी की नंतर? माझी बोटं पडदा पाहून चालत होती; पडदा नाही म्हटल्यावर डोक्यात काहीच नव्हतं. मी डोळे मिटून हवेत बोटं हलवून पाहिली.

"डोळे मिटलेत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोलायचे थांबलात ना. डोळस माणसं डोळे मिटले की गप्प होतात."

अर्ध्या तासानं यादी झाली. सीडीचा पंचवीस अक्षरांचा नंबर मी वाचला, त्यांनी टोचून घेतला. मग त्यांनी हात लांब करून मॉनिटर बंद केला. मी इतक्या प्रेमानं दुरुस्त केलेला मॉनिटर.

"हा कशाला?"

"तुम्ही बघाल, मग सांगाल, मग मी ऐकेन, मग माझं लक्ष जाईल. मी बोलावलं तरच लावायचा. तोवर तुम्हीही ऐका."

आणि त्या डबा चालू करून कान देऊन बसल्या.

मी दहा-बारा वर्षं मशीनच्या सहवासात काढली होती. मला वाटायचं ते घरघर करतं. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, की ते एकसारखं घरघरत नाही. सीडी फिरायला लागली की एक चढता सूं येतो. डिस्कवर लिहिणं चालू असलं की आत कुणी गहू पाखडतंय असा आवाज. पुसणं चालू असलं की एकसुरी टिकटिक. आणि मशीन काहीतरी विचारून उत्तराची वाट पाहत असलं, की हे सगळं थांबून नुसता पंखा राहतो. शैलाताई त्या पंख्याची वाट पाहत. पंखा उरला, की यादीतलं पुढचं बटण.

एंटर. एफ आठ. पंखा. आता माझ्या यादीप्रमाणे पुन्हा एंटर होतं. त्यांचं बोट बटणावर जाऊन थांबलं.

"भाऊ, या डिस्कवर तुमची जुनी प्रत आहे."

"हो."

"मग ती त्याला सापडली असणार. तो मला विचारणार नाही का, जुनी दुरुस्त करू की नवी घालू?"

तो पडदा असतोच. दुरुस्तीला नकार द्यायला तिथे एस्केप दाबावं लागतं. माझ्या यादीत ते नव्हतं. तो पडदा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, कुणी सांगितलाही नव्हता. मशीनच्या जागी स्वतःला ठेवून त्यांनी तो ओळखला होता.

"एस्केप," मी म्हणालो. खरं तर मी कुजबुजलो. देवळात बोलतो तसा.

पुसणं सुरू झालं, टिकटिक ऐकू आली. मग गहू पाखडणं. मशीन एकदा आपणहून बंद होऊन सुरू झालं, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. त्या घडीला 'कुठलंही बटण दाबा' असा प्रश्न पडद्यावर येतो, आणि दाबलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मी मी म्हणणारे तिथे चुकतात. मीही चुकलोय. त्या हात मांडीवर ठेवून बाहेर आईला म्हणाल्या, "आई, दहाच्या आरतीचे हार झाले का?"

"झाले की. तुझं?"

"होतंय."

पंचवीस अक्षरांचा नंबर आला तेव्हा त्यांनी तो एका दमात टाइप केला आणि म्हणाल्या, "आता मॉनिटर लावा. इथे चूक झाली तर आवाजावरून कळणार नाही. उगाच मिजास नको."

मी लावला. नंबर बरोबर होता. एक अक्षर चुकलं नव्हतं. "बरोबर आहे," म्हणालो आणि स्वतःच मॉनिटर परत बंद केला.

साडेअकराच्या सुमाराला मशीन शेवटचं सुरू झालं. आम्ही दोघं स्पीकरकडे तोंड करून बसलो होतो. म्हातारीही सुईदोरा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. एक्सपी सुरू होताना चार स्वरांचं छोटंसं संगीत वाजतं. ते मी हजारदा ऐकलं असेल, कधी लक्ष दिलं नव्हतं. ते वाजलं, आणि शैलाताईंनी विंडोजचं बटण आणि यू एकत्र दाबलं. एक्सपीत एक साधा बोलका मदतनीस आयताच असतो, तो त्यामुळे जागा होतो. हे त्यांनी कुठून ऐकून ठेवलं होतं, मला ठाऊकच नव्हतं. पत्र्याच्या डब्यातून बोलावा तसा एक इंग्रज माणूस बोलू लागला.

"बोललं गं बोललं!" म्हातारी म्हणाली. "लय रडका आवाज हाय पण."

"बोलतो ना, मग रडका असू दे," शैलाताई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी पाठ टेकली. त्यांची पाठ घामानं भिजली होती. मला वाटत होतं, त्यांना सगळं सोपंच जातंय.

तो मदतनीस टिपणं तपासायच्या कामाचा नव्हता, म्हणून मग त्यांनी कचेरीच्या नव्या प्रोग्रॅमबरोबर आपला नेहमीचा बोलणारा प्रोग्रॅमही घातला. तो इतक्या भरभर बोले, की मला नुसती चिवचिव ऐकू यायची. चाळीस मिनिटांनी तो वाक्याच्या मध्येच गप्प झाला. मी पुढे सरसावलो. "सोमवारी तो गप्प झाला की मी वाचून दाखवत जाईन. मी आहे ना!"

"वाचा बघू."

पडद्यावर कुणा रोग्याच्या फुप्फुसाची हकिकत होती. पहिल्या ओळीत चार शब्द असे, की ते मी भीत भीत तुकडे पाडून वाचले. शैलाताईंनी अर्ध्या ओळीपर्यंत धीर धरला आणि मग इतक्या हसल्या, की डोळ्याला पदर लावावा लागला. "राहू द्या भाऊ. तो रोगी दगावेल."

सोमवारी मी नऊ वाजता हजर. मला कुणी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाचं झाकण उघडून काट्यांना बोट लावलं आणि सुरुवात केली.

एका कानात टेपवरचा डॉक्टर, दुसऱ्या कानात मशीनची चिवचिव. पायाखाली टेप थांबवायचं पेडल. बोटं चालूच. अडतीस मिनिटं झाली की झाकण उघडून बोट फिरवायचं, काम साठवायचं आणि आपणहून मशीन बंद करून चालू करायचं. गप्प होण्याची वाट पाहायचीच नाही. ते परत उभं राहून बोलतं व्हायला चार मिनिटं लागत. तीन तासांत अशी चार वेळा. सोळा मिनिटं माझ्यामुळे वाया, असा हिशेब मी मनातल्या मनात करत होतो.

पण पहिल्यांदा मशीन बंद झालं तेव्हा टेप बंद झाली नाही. त्या हात मांडीवर ठेवून डॉक्टरचं ऐकत राहिल्या. ओठ हलत होते. मशीन बोलतं झालं आणि बोटं सुटली, टेप न लावता. चार मिनिटांचं बोलणं, सगळी औषधांची नावं, मात्रा, सगळं त्या डोक्यातून उतरवत होत्या. मग मागे जाऊन टेप परत लावली, ताडून पाहिलं, एक शब्द बदलला. सोळा मिनिटांतलं एकही मिनिट वाया गेलं नाही. मी स्टुलावर बसून पाहत होतो आणि मला बाहेरची म्हातारीही दिसत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईशी गप्पा मारत, हाताकडे न पाहता, ती फुलामागून फूल ओवत होती.

तीन तास संपले. काम फोनच्या तारेवरून गेलं. शैलाताई वळून म्हणाल्या, "भाऊ, आहात का?"

"आहे."

"श्वास घ्या आता."

नवी किल्ली तीन आठवड्यांनी आली. मुंबईला जाऊन मीच ती घेऊन आलो. शर्टाच्या वरच्या खिशात, वर हात ठेवून. त्यानंतर बॅगेत माझी ती सीडी कधी नव्हती. आणि अंध गिऱ्हाईक असो नाहीतर डोळस, डिस्क पुसायच्या आधी मी समोर बसून एक प्रश्न विचारू लागलो: यात असं काय आहे, की जे मला दिसणार नाही? दिंडोरीवाले म्हणाले, "भाऊ, तुम्ही डॉक्टर झाले का आता?"

पण हे नंतरचं. मंगळवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मंगलनं दारातच सांगितलं, "शैलाताईंचा फोन होता. काम राहिलं त्यांचं. नव्या प्रोग्रॅमवर पहिल्या पाच जणांत आल्या म्हणे."

आणि मग मला राहवेना. तिला सगळं सांगत सुटलो. गव्हाचा आवाज, एस्केपचं बटण, चार मिनिटांचं पाठांतर. माझी चूक सुद्धा सांगितली, जरा कमी करून. बोलता बोलता बॅग रिकामी करत होतो. आमच्या धंद्यात डबा बंद केला तरी एक स्क्रू उरतोच. तो पुडीत होता. मंगलनं पुडी उघडली, स्क्रू माझ्या हातावर ठेवला आणि चुरगळलेला कागद गुडघ्यावर सरळ केला. स्वतःचं अक्षर पाहून तिनं तो उलटला.

मागच्या बाजूला तिच्या टपोऱ्या अक्षरात चार ओळी होत्या. पुसायच्या आधी बोलणाऱ्या प्रोग्रॅमची किल्ली फ्लॉपीवर घेणे. सीडी त्यांचीच घालणे, ड्रॉवरमध्ये आहे. स्पीकर बरोबर नेणे. त्यांना दिसत नाही.

तिनं चारही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण तिला राग आला नव्हता. ती खाली मान घालून म्हणाली, "फोनवर त्या मला म्हणाल्या होत्या, सगळं एकाच बाजूला लिहा हं ताई, डोळस माणसं कागद उलटून बघत नाहीत. मी त्यांच्याशी वाद घातला हो. म्हटलं, आमचे हे बघतात."